टॉवेल गुंडाळून काढलेला नमुना

माझा हात चंद्रावर गेलेल्या कुठल्याही यानाला लागलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात तसं पसरलं आहे आणि आता दिवाळी अंकवाल्यांनीही तेच धरलं आहे. नातवाच्या ओळखीचे संपादक घरी येऊन गेले, चहा प्यायले आणि म्हणाले, "आजी, अंतराळातला तुमचा अनुभव लिहा. आणि तेव्हाचा एक चांगलासा फोटो निवडून ठेवा." मी अंतराळात गेले नव्हते. साताऱ्यात पत्र्याच्या एका शेडमध्ये मी लाकडी स्टुलावर बसत होते. त्या स्टुलानं माझी कंबर गेली ती परत आली नाही. लिहायचं तर तिथूनच लिहावं लागेल.

कोयनेचा भूकंप व्हायच्या आदल्या सालची ही गोष्ट. कोयनेची वीज खाली येऊ लागली तसे कृष्णाकाठी गावोगाव पंप बसायला लागले, आणि आमच्या कारखान्यात त्या पंपांचे स्टार्टर होत. स्टार्टरच्या पोटात रिले असतो. रिले म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लोखंडाच्या रिळावर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळायची, हजारो फेरे. त्या तारेतून वीज गेली की रिळाचा लोहचुंबक होतो आणि समोरची पितळी पत्ती ओढून घेतो. पत्ती टेकली की मोठी वीज चालू. ओढताना आवाज येतो, टक्. चांगल्या रिलेचा टक् स्वच्छ येतो, वाईटाचा दबका. बस, एवढंच यंत्र. पण पत्ती टेकली नाही तर पंप बंद, किंवा टेकून तिथंच चिकटली तर पंप जळतो.

तार गुंडाळायला बायका ठेवत. आमची बोटं नाजूक असतात असं मालक पाहुण्यांना सांगत. आम्ही बाप्यांच्या निम्म्या पगारात येत होतो, हे सांगत नसत. आम्ही आधी तिघी होतो, पुढं चौघी झालो. बांगड्या काढून बसायचं, पदर खोचून घ्यायचा, केसाला तेल लावून यायचं नाही. शिंक आली तर तोंड फिरवायचं, नाहीतर तार तुटे आणि रीळ पहिल्यापासून. माझं शिक्षण चौथी. माहेर आटपाडीकडचं, मेंढरांमागं फिरणारं. नवरा कोयनेच्या धरणावर कामाला होता, धरण झालं तसं त्याचं काम संपलं, म्हणून मी कारखान्यात आले. आवड वगैरे काही नव्हती. ती पुढं कधीतरी आली, आणि आली तीही कुरकुरतच.

आमचा फोरमन गणपतराव. माणूस कडक, पण हाताखालच्याला मालकासमोर पाडणारा नव्हता. त्यानं शेडच्या तोंडाशी काचेचं कपाट केलं होतं आणि त्यात हिरव्या फडक्यावर एक स्टार्टर, एक रिले मांडलेला असे. त्याला आम्ही नमुना म्हणायचो. गिऱ्हाईक आलं की गणपतराव कपाट उघडून नमुना हातात देणार. दहा-वीस रिलेंत जो सगळ्यात देखणा, ज्याचा टक् सगळ्यात स्वच्छ, तो कपाटात जाई. निवडायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझा कान चांगला होता. सांगलीच्या पेठेत हळद विकायला नेतात तेव्हा फडक्यावर पसरायला जाड, सोनेरी, न मोडलेली हळकुंडं काढतात, तसंच हे. घेणाऱ्यालाही ते माहीत असतं. पोत्यातला माल नमुन्याहून किती उतरता असेल ते तो मनात धरतो आणि भाव करतो. ह्यात फसवाफसवी कुणी मानत नाही.

उतरता माल परत येई तो वेगळा. गणपतरावाच्या टेबलाखाली एक बिस्किटाचा डबा होता. परत आलेले रिले त्यात. आम्ही त्याला मेलेल्यांचा डबा म्हणायचो. एकदा तंबूतला सिनेमा चालवणारा एकजण दुष्काळी भागातून आला. त्याच्या जनरेटरला आमचा रिले लावला होता. रुमालात गुंडाळलेला रिले त्यानं माझ्यापुढं आदळला.

"बाई, हिरोईन पुरात बुडाय लागलीया, हिरोनं उडी मारली, आन तुमची पत्ती चिकटली! लोकं म्हणत्यात, मेली का जगली ते सांग, न्हाईतर पैसं दे."

"मग काय केलं?" मी विचारलं.

"काय करतो? मीच सांगितलं उभं राहून. जगली म्हणलं, लगीन बी झालं म्हणलं."

गणपतरावानं त्याला मुकाट्यानं दुसरा रिले दिला आणि हा डब्यात टाकला. कपाटातला नमुना तसाच चकचकीत राहिला.

अशात ती पेटीची ऑर्डर आली. खाली केरळात समुद्रकाठावरून रॉकेटं सोडायला लागले होते. त्या रॉकेटाच्या टोकात एक पेटी बसवायची, तिच्यात हवेची, उन्हाची मापं घेणारी यंत्रं. रॉकेट आभाळ ओलांडून वर जाणार, तिथं पेटीतले रिले एकामागं एक टेकणार, यंत्रं चालू होणार, पेटी वायरलेसवर खाली बोलणार आणि थोड्या वेळात सगळं समुद्रात पडणार. चुलीवर चार भाकरी होईपर्यंतचा कारभार. त्यातले रिले आमच्याकडून घ्यायचं ठरलं. मालकांचे कुणी पाहुणे तिकडं होते म्हणून ठरलं, आमची कीर्ती ऐकून नव्हे. आधी बोलणं असं होतं की प्रत्येक ठिकाणी दोन-दोन रिले लागणार. काम वाढणार म्हणून मालकांनी चौथी बाई घेतली. ती सुगंधा.

सुगंधा वाईकडची. तिच्या घरच्यांनी बुद्धाचा धर्म घेऊन काही वर्षं झाली होती. शाळा सातवी, म्हणजे माझ्याहून जास्त. नवऱ्यानं टाकलेली, एक मुलगी, साताऱ्यात एका खोलीचं भाडं. भावजयीनं तिला आधीच बजावलं होतं, सणाला ये, राहायला येऊ नको. पहिल्या दिवशी डबे उघडले तेव्हा बाकीच्या दोघी जरा सरकून बसल्या. ती माझ्या शेजारी बसली. माझं मन मोठं होतं असं कुणी समजू नये. माझ्या शेजारी फुटक्या खिडकीचा वारा यायचा म्हणून ती जागा नेहमी रिकामीच असे. पण हात तिचा चांगला होता. महिनाभरात तिची तार माझ्यासारखी बसायला लागली.

मग लेले साहेब आले. सांगलीच्या एका कॉलेजात ते गणित शिकवत आणि पेटीचा हिशेब त्यांच्याकडे सोपवला होता. उंच, वाकलेले, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत दांडा फिरवून आकडेमोड करायचं लोखंडी यंत्र. एसटीत ते यंत्र त्यांनी लेकरासारखं मांडीवर घेतलं होतं असं कंडक्टरनं सांगितलं. ते आत आले तसं आमच्यातली एक पुटपुटली, "ह्योच एक नमुना हाय गं. कपाटात ठिवा ह्येला."

त्यांनी आम्हांलाही समोर बसवून सांगितलं, हे मात्र खरं. ते म्हणाले, "पेटीतली प्रत्येक वस्तू कधीतरी मरणार."

गणपतराव म्हणाला, "साहेब, आमचा रिले मरत न्हाई."

"गणपतराव, सगळंच मरतं. लवकर की उशिरा, एवढंच मला शोधायचं आहे. एकाच्या जागी दोन घातले तर एक मेला तरी दुसरा काम करतो. पण सगळंच दोन-दोन घालावं तर पेटी जड होते आणि रॉकेट तिला वर नेत नाही. वजन ठरलेलं आहे. तर जोडी कशाची घालायची आणि एकट्यावर काय सोडायचं, की पेटी बोलायची शक्यता सगळ्यात जास्त होईल? हा माझा हिशेब."

बाकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला ते पटकन उमगलं, कारण माझा बाप मेंढरं घेऊन निघताना घोड्यावर हाच हिशेब लादायचा. काड्याची पेटी दोन, एक मुंडाशात आणि एक पखालीपासून लांब. कारण काडी भिजते, आणि वजन काहीच नाही. तवा मात्र एक. तवा जड, आणि तो कशानं मरणार? पीठ जास्त घ्यायचं का दोर जास्त, यावरून आईचं आणि त्याचं भांडण व्हायचं. लेले साहेबांचं भांडण त्या यंत्राशी चाले. बापाला अंदाज पुरे होई, ह्यांना आकडा लागे. शिवाय पेटीत वस्तू खूप, वजनं वेगळी, मरायची खोड वेगळी, आणि सगळ्यांच्या जोड्या लावून बघायच्या. ते सगळं घोड्यावर लादण्यासारखं सोपं होतं असं मी म्हणत नाही.

जाताना ते म्हणाले, "मला तुमच्या रिलेचे नमुने द्या. मी ते फळीवर बसवून चालवतो, हलवतो, तापवतो. किती मरतात ते बघतो."

नमुने. हा शब्द त्यांनी उच्चारला आणि गणपतरावाची छाती फुगली. ते गेल्यावर त्यानं तयार रिलेंचे सगळे खण माझ्यापुढं आणून ठेवले. "तानाक्का, कान लावून काढ. सांगलीकरांनी बघत ऱ्हायला पायजे." मी काढले. प्रत्येक रिलेला वीज देऊन टक् ऐकला, दबका वाटला तो बाजूला सारला. खोक्यात कापूस घालून, वर लाल कागद लावून सांगलीला पाठवले. लग्नातला रुखवत तसा.

सांगलीत ते रिले फळीवर बसले आणि आठवडेच्या आठवडे टकटकत राहिले. एकही मेला नाही. लेले साहेबांनी यंत्राचा दांडा फिरवला. उत्तर आलं की रिले इतका पक्का असेल तर त्याची जोडी घालणं म्हणजे वजन फुकट घालवणं आहे. रिले एकटा ठेवा, वाचलेलं वजन दुसऱ्या बॅटरीला द्या.

मालकांनी कंदी पेढे वाटले. गणपतराव दिवसभर मिशीला हात लावत होता. आणि त्याच संध्याकाळी मालकांनी त्याला आत बोलावून सांगितलं, ऑर्डर निम्म्यावर आली, आता तीन बाया पुरेत. शेवटी आलेली होती ती सुगंधा. महिनाअखेर तिचा हिशेब करायचा.

गणपतराव ते तिला सांगायला आला तेव्हा त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. खिडकीबाहेर बघून बोलला.

सुगंधा म्हणाली, "भाऊ, काम वंगाळ झालं म्हणून काढत्यात का?"

"न्हाई गं. काम लय चांगलं झालं म्हणून."

"म्हंजी वंगाळ केलं असतं तर ऱ्हायली असती?"

गणपतराव वळून आपल्या टेबलाकडे गेला. ती तशीच बसून रीळ पुरं करत होती. पेढा तिनं पोरीसाठी कागदात बांधून ठेवला होता, तो तिथंच पुढ्यात होता.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिनं मला विचारलं, "आक्का, सांगलीला कुठलं रिले धाडलं होतं?"

"नमुना धाडला. निवडून."

"आन पेटीत कुठलं जाणार?"

"जे व्हतील ते. खणातलं."

तिनं नुसतं टेबलाखालच्या डब्याकडे बोट केलं. मेलेल्यांच्या. आम्ही हळकुंडं फडक्यावर मांडली होती, आणि समोरच्यानं सबंध पोतं तसंच आहे असं धरून हिशेब केला होता. घेणारा भाव पाडून धरतो हे आम्ही गृहीत धरलं. हा घेणाराच नव्हता, मोजणारा होता. त्याच्या नमुन्यात बरेवाईट सगळे यायला हवे होते, हे त्यानं सांगितलं नाही, कारण त्याच्या लेखी त्या शब्दातच ते होतं. आमच्या लेखी त्या शब्दात नेमकं उलटं होतं.

मी गणपतरावाकडे गेले आणि सांगितलं. तो उखडला.

"आपल्याच मालाला आपुनच नावं ठिवायची? डोसकं ठिकाणावर हाय का तुजं?"

"हाय. पेटी वर जाऊन मुकी झाली तर कुणाला धरतील?"

"तवाचं तवा बघू. तानाक्का, मुंबईचा कारखाना टपून बसलाय. रिले कच्चा हाय म्हणलं की आर्डर तिकडं गेली. मग एकटी सुगंधा न्हाई, चौघी घरी बसशीला. आन मी बी."

हे खोटं नव्हतं. मी स्टुलावर येऊन बसले. घरी नवरा बिनकामाचा, दोन पोरं. गप्प राहिले तर माझं काम पक्कं होतं, बोलले तर ते जाऊ शकत होतं. सुगंधाचं मात्र गप्प राहून जाणारच होतं. दोन दिवस मी काही केलं नाही. तार मात्र सारखी तुटत होती. सुगंधानं मला एकदाही पुन्हा विचारलं नाही. तिनं गयावया केली असती तर कदाचित मी उठले नसते, माझा स्वभाव तसा आहे.

शनिवारी सुटायच्या वेळी मी गणपतरावाला म्हटलं, "उद्या आमी सांगलीला जातो. खणातलं रिले पायजेत."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग उठला आणि म्हणाला, "मी हात धुऊन येतो. सोमवारी माल मोजून हितंच पायजे." नळ बाहेर होता. माणसाला हात धुवायला एवढा वेळ लागलेला मी बघितला नाही.

मी डोळे मिटून खणात हात घातला. दोन रिले काढले आणि थांबले. बोटांना कळत होतं. तार घट्ट बसलेली, पत्ती सरळ, ते डोळे मिटूनही माझी बोटं बरोबर उचलत होती. सवय. "मला जमायचं न्हाई," मी सुगंधाला म्हटलं. तिनं खुंटीवरचा टॉवेल घेतला, हाताला जाड गुंडाळला आणि तोंड भिंतीकडे करून ती काढत गेली. मी पिशवीत ठेवत गेले. माझे दोन परत टाकले.

रविवारी एसटीनं कऱ्हाडवरून सांगलीला गेलो. लेले साहेबांचं घर पेठेच्या मागं होतं, गल्लीभर हळदीचा वास. दार त्यांच्या आईनं उघडलं. कोण, कुठल्या विचारलं. मी नाव सांगितलं, सुगंधानं आडनावासकट सांगितलं. म्हातारी जरा थांबली. मग आत गेली, आणि चहा सगळ्यांना एकसारख्याच कपातून आला. हे लिहिते, कारण तेव्हा ते बघावं लागे.

लेले साहेब बनियनवर होते, धावत जाऊन शर्ट घालून आले. मी पिशवी पुढं ठेवली आणि झालं ते सांगितलं. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

"तानूबाई, पहिले कसे निवडले होते?"

"ऐकून. चांगलं तेवढं."

"आणि हे?"

"ह्ये हिनं टॉवेल गुंडाळून काढलं."

"टॉवेल?"

सांगितलं. ते खुर्चीत मागं टेकले आणि हसायला लागले, डोळ्यात पाणी येईस्तोवर. "आई," त्यांनी आत हाक मारली, "अप्पा हळदीचा नमुना कसा काढायचे गं?"

आतून आवाज आला, "कसा म्हणजे? चांगली हळकुंडं वर! तुला हजारदा बसवलंय की त्यांनी निवडायला."

"ऐकलंत? मी वडिलांच्या अडतीवर वाढलो. आणि विचारलं नाही तुम्हांला." मग त्यांचं हसू गेलं. "पण एक ऐका. हे फळीवर लावले आणि फार मेले तर मला सांगावं लागेल की हा रिले नकोच. ऑर्डरच जाईल."

"व्हय," सुगंधा म्हणाली.

"आणि एकही मेला नाही, तर तुमचं काम जातं ते जातंच."

सुगंधा विचार करून म्हणाली, "म्हंजी थोडं मरायला पायजेत. लय न्हाई."

लेले साहेब म्हणाले, "बाई, हे मी गणितात कुठं लिहू?"

"लिवू नका. जे हुईल ते हुईल. पण खऱ्यानं होऊ द्या."

परतीच्या गाडीत भीती दोघींनाही होती, आणि दोघींची वेगळी होती.

सोमवारी मोजायला माल कमी होता. गणपतरावानं मालकांना सांगितलं की लेले साहेबांनी आणखी मागवले. ते एका परीनं खरंच होतं.

आम्ही महिनाअखेरीची वाट बघत होतो. सुगंधानं खोलीवालीला खोली सोडते म्हणून सांगूनही ठेवलं होतं. तेवढ्यात लेले साहेब छत्री आणि पिशवी घेऊन स्वतः आले. मालकांसमोर, गणपतरावासमोर म्हणाले, "माझ्या पहिल्या हिशेबात चूक होती. नमुना मी बरोबर घेतला नव्हता. रिले ठीक आहे, पण त्यातले थोडे चिकटतात. एकट्यावर सोडता येणार नाही. जोडी घालावी लागेल."

थोडे. गणपतरावानं खाली बघून मिशी चावली. मालक म्हणाले, "म्हणजे ऑर्डर पहिल्याएवढी?" हो म्हटल्यावर त्यांना बाकीचं ऐकायची गरज उरली नाही. सुगंधाचा हिशेब झाला नाही. तिला कुणी येऊन काही सांगितलंही नाही. महिनाअखेर सरली, ती दुसऱ्या दिवशी येऊन माझ्या शेजारी बसली आणि तार लावायला लागली.

लेले साहेब निघताना मी त्यांना गाठून विचारलं, "साहेब, वजन कुठनं काढलं?"

"दुसरी बॅटरी गेली. रिले पक्का नसेल तर बॅटरी दोन असून उपयोग नाही. एकीवरच चालवायचं."

"ती बॅटरी कोण करतं?"

"आहे एक छोटा कारखाना. का?"

"काय न्हाई," मी म्हटलं.

त्या कारखान्याची ऑर्डर निम्मी झाली असणार. तिथं शेवटी कोण कामाला लागलं होतं, बाई होती का बाप्या, तिला राहायला जागा होती का, मला माहीत नाही. ह्या हिशेबात मला तेवढं कधी पचलं नाही. वजन ठरलेलंच असतं. एकीला आत घेतलं की दुसरी खाली उतरते, आणि उतरणारी आपल्याला दिसत नाही म्हणून आपण पेढे खातो. लोक मला विचारतात, अभिमान वाटतो का. वाटतो. दमायलाही होतं.

पेटी वर गेली. लेले साहेब सांगलीचं भडंग घेऊन सांगायला आले. पेटी शेवटपर्यंत बोलली होती. शेडमध्ये सगळे गोळा झाले. गणपतरावानं विचारलं, "म्हंजे आमचा रिले चालला?"

"प्रत्येक ठिकाणी दोनपैकी एक तरी चालला."

"दोन्ही न्हाई?"

"ते कळत नाही गणपतराव. एक टेकला तरी पेटी बोलते, दोन्ही टेकले तरी बोलते. खालून सारखंच ऐकू येतं. आणि आता सगळं समुद्राच्या तळाशी आहे."

"मग कुणी मेला का न्हाई ते?"

"कधीच कळणार नाही."

गणपतरावाला ते फार लागलं. सुगंधा भडंगातले शेंगदाणे पोरीसाठी वेगळे काढत होती. ती म्हणाली, "दोन्ही चाललं असतील तर माजं काम फुकट गेलं म्हणायचं का साहेब?"

लेले साहेब म्हणाले, "एक चिकटला असेल, तर तुमच्यामुळं पेटी बोलली."

"आन माजाच चिकटला असंल तर?"

"तर तानूबाईंमुळं."

ती हसली. मी नाही हसले. माझा चिकटला असेल हे त्यांनी म्हटलंच नाही, ते सौजन्य म्हणून. पण मला ते तेव्हाच सुचलं होतं आणि अजून अधूनमधून सुचतं.

पुढं पेट्या बंद झाल्या, पंपाचं काम चालूच राहिलं. गणपतरावानं काचेच्या कपाटात टॉवेलनं काढलेला रिले ठेवायला सुरुवात केली. एकदा गिऱ्हाइकासमोरच तो चिकटला, तेव्हा पुन्हा निवडून ठेवायला लागला. धंदा धंद्यासारखाच चालतो. माझे डोळे अधू झाले तशी मी घरी बसले. माझ्या स्टुलावर सुगंधा सरकली, वाऱ्यातून बाहेर. तिची मुलगी नर्स झाली, सुगंधा तिच्याकडे गेली आणि तिथंच वारली. मी जाऊ शकले नाही, कंबर होती.

आता फोटो. संपादक म्हणाले होते, चांगलासा निवडून ठेवा. कारखान्यातले फोटो एका डब्यात आहेत. त्यातला एक चांगला आहे, मालकांनी फोटोग्राफर आणून काढलेला, सगळ्या ताठ बसलेल्या, नवी लुगडी, समोर चकचकीत रिले. तो मला ठाऊक आहे, त्याचा कागदही जाड आहे, हाताला कळतो. म्हणून मी नातवाला हाताला टॉवेल गुंडाळायला लावला आणि हात घालायला सांगितलं. जो आला तो सोबत पाठवते आहे. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत आणि सुगंधा अर्धीच आली आहे. छापायचा तर तोच छापा.